नोकरी सोडून धंदा करावा का? आधी घरात बसून करायचा हिशेब

घरातला मुलगा किंवा मुलगी धंद्याचं बोलू लागली की पहिला प्रश्न येतो भांडवलाचा. पण त्याच्याही आधी विचारायला हवं ते हे : या धंद्यात भाव कोण ठरवणार?

उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भिवंडीतले अनेक लहान यंत्रमागवाले मजुरीवर कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही व्यापाऱ्याचं, मागवाल्याला फक्त ठरलेली मजुरी. गाळ्याचं भाडं, वीजबिल, कारागिरांचा पगार मात्र त्याच्या डोक्यावर. बाजार पडला की व्यापारी सूत देणं थांबवतो. भाडं थांबत नाही. नावाला मालक, पण मजुरी वाढवून मागायची सोय नाही. मुंब्रा-कौसा किंवा कल्याणमध्ये घरी शिलाईचं काम घेणाऱ्या बाईचीही गत हीच, एकाच व्यापाऱ्यावर अवलंबून राहिली तर. म्हणून मशीन घेण्याआधी स्वतःचे दोन-चार गिऱ्हाईक शोधा. नोकरी चालू ठेवून, सुट्टीच्या दिवशी माल विकून पाहा.

आणि रमजानच्या विक्रीवर वर्षाचा अंदाज बांधू नका. ईदच्या आधी कपडे, चप्पल, अत्तर सगळंच खपतं. पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्याचा गल्ला मोजा, मग बोला.

पैशाचं म्हणाल तर प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) नवा उद्योग उभारणाऱ्यांसाठी आहे. 2022 च्या सुधारित नियमांत उत्पादन उद्योगासाठी 50 लाख आणि सेवा उद्योगासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अल्पसंख्याक विशेष प्रवर्गात येतात : स्वतःचा हिस्सा 5 टक्के, अनुदान शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. म्हणजे शहरात 10 लाखांचा प्रकल्प असेल तर खिशातून 50 हजार, बँकेकडून साडेनऊ लाख आणि त्यावर अडीच लाखांचं अनुदान. मात्र हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेतच राहतं आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं. चालू नियम ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका.

आता अडचण. अनुदान बँकेच्या कर्जाला बांधलेलं आहे, आणि व्याज नको म्हणणाऱ्या घरांना ती वाट घेता येत नाही. त्यांनी धंदा लहान सुरू करावा, किंवा भागीदार घ्यावा. एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, ही मुदारबाची जुनी रीत आहे. तिच्यात तोटा झाला तर पैसे पैसेवाल्याचे जातात, मेहनत करणाऱ्याची मेहनत. मामूकडून किंवा भाईजानकडून कर्ज-ए-हसना घेत असाल तरी लिहून घ्या. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे, तरी आपल्याकडे "घरचाच माणूस आहे" म्हणून कागद होत नाही, आणि पुढे दोन घरांचं बोलणं बंद होतं.

राहिला घरखर्च. भाडं, फी, अम्मी-अब्बांची औषधं, दुसरीकडे चालू असलेला हप्ता. याचा निदान सहा महिन्यांचा पैसा भांडवलातून वेगळा काढून ठेवा. तो काढल्यावर भांडवल उरत नसेल, तर यंदा राजीनामा देऊ नका. सुट्टीच्या दिवसाची विक्री चालूच ठेवा.