मांस मऊ करणे

मांस मऊ करणे ही मांसाहारी स्वयंपाकातील एक पूर्वक्रिया आहे. चिवट मांस कापण्याच्या, मुरवण्याच्या व शिजवण्याच्या योग्य पद्धतींनी चावण्यास व पचण्यास सुलभ करणे, असे तिचे स्वरूप आहे. परतून करायच्या पदार्थांत मांस मोठ्या आचेवर काही मिनिटेच राहते. त्यामुळे रश्श्यात तासभर शिजणाऱ्या मटणापेक्षा येथे या पूर्वतयारीला अधिक महत्त्व असते. महाराष्ट्रात लहान वयाच्या जनावराच्या मांसास ‘कोवळे’ आणि वाढलेल्या जनावराच्या मांसास ‘जून’ किंवा ‘निबर’ म्हणतात. मऊ करण्याची कोणती पद्धत वापरायची, हे प्रामुख्याने या भेदावर ठरते.

मांस चिवट असण्याची कारणे

मांसाचा चिवटपणा दोन घटकांमुळे येतो. पहिला घटक म्हणजे स्नायुतंतू. उष्णता लागताच त्यांतील प्रथिने आकसतात. साधारण ५० अंश सेल्सिअसपासून हा बदल सुरू होतो आणि ६५ ते ७० अंशांच्या पुढे तंतूंमधील रस मोठ्या प्रमाणावर बाहेर पडून मांस कोरडे होते. दुसरा घटक म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन. ते प्रथम आकसते. मात्र ओलाव्यासह ७० अंशांहून अधिक तापमानात बराच वेळ राहिल्यास त्याचे जिलेटिन होते आणि मांस सुटे व लुसलुशीत बनते. जनावराचे वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांशी घट्ट जोडले जातात. म्हणून जून मटण शिजण्यास अधिक वेळ लागतो.

यावरून मऊ मांस मिळवण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग निघतात. कमी कोलॅजेन असलेले मांस पातळ कापून अल्पकाळ परतावे, किंवा अधिक कोलॅजेन असलेले मांस आधी पूर्ण शिजवून मग परतावे. या दोहोंच्या मध्ये थांबल्यास तंतू आकसलेले आणि कोलॅजेन न विरघळलेले राहते व मांस वातड होते. घरी परतलेले मटण बिघडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

कत्तलीनंतरचा काळही महत्त्वाचा असतो. कत्तलीनंतर काही तासांत स्नायू ताठर होतात. पुढे मांसातील नैसर्गिक विकरांमुळे ही ताठरता हळूहळू सैल होते. ताठर अवस्थेतील मांस शिजवल्यास ते अधिक चिवट लागते. ताजे मटण ० ते ४ अंश तापमानात एक दिवस ठेवल्यास ते मऊ होण्यास मदत होते. मात्र कत्तल होताच मांस अतिथंड केल्यास स्नायू आखडून चिवटपणा उलट वाढतो.

मांसाची निवड व काप

चिनी व पाश्चात्त्य पाककृतींत परतण्यासाठी अनेकदा गोमांस सांगितलेले असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. त्यामुळे येथील घरांत अशा पाककृती प्रामुख्याने बोकडाचे मटण किंवा कोंबडी वापरून केल्या जातात. ब्रॉयलर कोंबडी सुमारे ६ आठवड्यांची असल्याने तिचे मांस मुळातच मऊ असते. गावरान कोंबडी अधिक वयाची व फिरती असल्यामुळे तिचे मांस घट्ट असते आणि ते थेट परतण्यास योग्य नसते.

बोकडाच्या मांसात पाठीचा भाग सर्वांत मऊ असतो. राणेचे मांस मध्यम असून खांदा व मान यांत कोलॅजेन अधिक असते. थेट परतण्यासाठी पाठीचा भाग किंवा कोवळ्या राणेचे बिनहाडाचे तुकडे घेतात. मांसातील तंतूंची दिशा पाहून त्यांना आडवे, ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे काप करतात. आडव्या कापामुळे प्रत्येक तुकड्यातील तंतू आखूड होतात व दातांना कमी श्रम पडतात. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ते थोडे घट्ट होते आणि पातळ काप सहज निघतात.

मुरवण्याची द्रव्ये

• मीठ : किलोभर मांसास १० ते १५ ग्रॅम मीठ लावून अर्धा ते एक तास ठेवतात. मिठाने काही प्रथिने विरघळतात व शिजताना रस कमी गळतो.

• कच्ची पपई : हिच्या चिकातील पपेन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते. पपई मूळची अमेरिका खंडातील असून ती पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. किलोभर मटणास सालासकट वाटलेल्या कच्च्या पपईचे १ ते २ मोठे चमचे पुरतात. पातळ कापांना २० ते ३० मिनिटे आणि मोठ्या तुकड्यांना १ ते २ तास पुरे होतात. अधिक वेळ ठेवल्यास वरचा थर पिठूळ होतो. पपेन मांसात खोलवर जात नसल्याने जाड तुकड्यांवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो.

• दही : दह्यातील आम्लाचा परिणाम सौम्य असतो. लिंबू किंवा व्हिनेगर अधिक प्रमाणात व अधिक वेळ लावल्यास पृष्ठभाग घट्ट व कोरडा होतो.

• खाण्याचा सोडा : अर्धा किलो कापांना पाव ते अर्धा छोटा चमचा सोडा लावून १५ ते २० मिनिटांनी ते धुऊन निथळतात. प्रमाण वाढल्यास साबणासारखी चव येते.

• मक्याचे पीठ व अंड्याचा पांढरा बलक : ही चिनी पद्धत आहे. यांचा पातळ थर मांसाचे थेट उष्णतेपासून रक्षण करतो व रस आत राखतो.

परतण्याच्या पद्धती

थेट परतणे : मुरलेले काप टिपून कोरडे करतात. लोखंडी कढईत तेल चांगले तापल्यावर थोडे थोडे काप घालून मोठ्या आचेवर २ ते ३ मिनिटे परततात. सर्व मांस एकदम घातल्यास कढई थंड होते, पाणी सुटते आणि मांस परतले न जाता उकडते. मांस बाजूला काढून कांदा, सिमला मिरची इत्यादी स्वतंत्र परततात आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात.

शिजवून परतणे : सुक्या मटणाची पारंपरिक रीत अशी आहे. हळद, मीठ व आले-लसूण लावलेले मटण थोड्या पाण्यात बोटाने तुटेल इतके शिजवतात. नंतर ते निथळून कांदा, भाजलेले सुके खोबरे व मसाला यांच्या वाटणात तेल सुटेपर्यंत परततात. निथळलेल्या पाण्यात विरघळलेले जिलेटिन असते. ते टाकून न देता परतताना थोडे थोडे घालतात, किंवा त्याचा रस्सा करतात.

चिखलदरा व वऱ्हाड

वऱ्हाडात बोकडाचे मटण ज्वारीच्या भाकरीबरोबर खाण्याची पद्धत आहे. विदर्भातील बेरारी ही शेळीची मान्यताप्राप्त जात आहे.

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे गाविलगडच्या डोंगररांगेतील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो व पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. चिखलदऱ्यात पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९६ अंशांवर उकळते. उघड्या पातेल्यातील मटण या तापमानाच्या वर जात नाही, त्यामुळे कोलॅजेन विरघळण्यास अधिक वेळ व अधिक इंधन लागते. आच वाढवल्याने पाणी लवकर आटते. त्याचे तापमान वाढत नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान ११५ अंशांच्या वर जात असल्याने ही अडचण दूर होते. कुकर नसल्यास लहान तुकडे करणे, पपई लावून मुरवणे व घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर शिजवणे हे उपाय उपयुक्त ठरतात. कढईतील तेलाचे तापमान मात्र पाण्याच्या उत्कलनबिंदूने बांधलेले नसते. त्यामुळे पातळ काप थेट परतण्याच्या पद्धतीत उंचीमुळे विशेष फरक पडत नाही.

मुरवण्याच्या बाबतीत डोंगर व मैदान यांची परिस्थिती उलट आहे. अकोल्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. अशा हवेत मांस बाहेर मुरत ठेवणे धोक्याचे असते.

सुरक्षितता

५ ते ६० अंश तापमानात मांसातील जीवाणू वेगाने वाढतात. म्हणून मांस शीतकपाटात मुरवावे. ती सोय नसल्यास मुरवण्याचा काळ अर्ध्या तासापेक्षा वाढवू नये. पपई, दही किंवा लिंबू लावल्याने मांस मऊ झाले तरी ते शिजलेले नसते. कोंबडीचा आतील भाग किमान ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. मऊ राहावी म्हणून ती अर्धवट परतून उतरवू नये. कच्च्या मांसाची सुरी व पाट धुतल्याशिवाय कांदा किंवा कोथिंबीर कापण्यास वापरू नये. मुरवणाचा उरलेला रस वापरायचा असल्यास तो उकळून घ्यावा. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्या काही व्यक्तींना कच्च्या पपईचाही त्रास होतो. त्यांच्यासाठी दही व मीठ हा पर्याय योग्य ठरतो.