शीघ्र प्रतिजन-चाचणी आणि महामारीचे आकडे

२०२० च्या महामारीत भारतात किती चाचण्या झाल्या, हे दैनंदिन आकड्यांवरून ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे १४ जून २०२० चे सूचनापत्र प्रथम वाचावे. तोवर निदानाची भिस्त मुख्यत्वे आरटी-पीसीआर ह्या प्रयोगशाळेतील परीक्षेवर होती. ती सूक्ष्म खरी. परंतु नमुना पोहोचून निकाल परत येईपर्यंत कित्येकदा दिवस उलटत. एप्रिलमध्ये चीनहून आणविलेल्या प्रतिपिंड-चाचण्यांचे निकाल इतके विसंगत निघाले की, परिषदेने २७ एप्रिलला त्यांचा वापर थांबविण्यास सांगितले.

जूनच्या पत्राने मान्यता दिली ती मानेसर येथे तयार होणाऱ्या प्रतिजन-चाचणीस. नाकातील स्रावाचे काही थेंब पट्टीवर टाकावयाचे आणि १५ ते ३० मिनिटांत रेघ पाहावयाची. प्रयोगशाळेची गरज नाही. तिची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, संवेदनक्षमता मात्र ५०.६ ते ८४ टक्के. म्हणजे शंभर बाधितांपैकी सुमारे १६ ते ४९ जण तिच्या नजरेतून सुटणार. म्हणूनच पत्रात नियम घातला होता : रेघ उमटली तर निदान पक्के, संशयिताच्या पट्टीवर ती न उमटल्यास आरटी-पीसीआर अवश्य करावी. ह्या नियमावाचून ती पट्टी अर्धेच साधन होय.

नियम सर्वत्र पाळला गेला नाही. काही मोठ्या राज्यांत लक्षणे असूनही अशा रुग्णांची फेरतपासणी होत नाही, असे १० सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले. असा रुग्ण निर्धास्तपणे घरी परते, ही हानी उघडच आहे. इतिहासकाराला भेडसावणारी अडचण निराळी. परिषदेच्या दैनिक बेरजेत दोन्ही चाचण्या एकत्र मोजल्या जात. सबब एखाद्या जिल्ह्यातील बाधितांचे प्रमाण उतरलेले दिसले, तर साथ ओसरली की केवळ साधन बदलले, हे त्या बेरजेवरून सांगता येत नाही.

तथापि पट्टीला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. शरीरात विषाणू विपुल असताना, म्हणजे संसर्गाचा धोका अधिक असतानाच, ती बहुधा अचूक ठरते, आणि तेही रुग्ण समोर असताना.

१९ मे २०२१ रोजी परिषदेने पुण्यातील एका कंपनीच्या घरगुती चाचणीस अनुमती दिली. फेरतपासणीचा नियम कायम राहिला, पण त्याचे पालन आता घरच्या माणसांवर आले. निकाल भ्रमणध्वनीवरील प्रणालीत नोंदवावयाचा होता. ज्यांनी तो नोंदविला नाही, त्यांच्या चाचण्या कोणत्याच बेरजेत सापडणार नाहीत.