माणिकप्रभू : सीमाभागातील पदकर्ते संत

माणिकप्रभू (२२ डिसेंबर १८१७ – २९ नोव्हेंबर १८६५). दत्त संप्रदायातील संत, पदकर्ते आणि सकलमत संप्रदायाचे संस्थापक. जन्म आजच्या बीदर जिल्ह्यात, बसवकल्याणजवळील लाडवंती या गावी, शके १७३९ च्या मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे दत्तजयंतीच्या सुमारास झाला. वडील मनोहर नाईक, आई बयादेवी. थोरले बंधू हनुमंत ऊर्फ दादासाहेब, धाकटे नृसिंह ऊर्फ तात्यासाहेब. त्यांनी मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू आणि संस्कृत या भाषांत पदे रचली. ही पदे बीदर-कलबुर्गी पट्ट्यात आणि त्यालगतच्या महाराष्ट्र-तेलंगणात भजनी मंडळे आजही गातात. समाधी हुमनाबादशेजारच्या माणिकनगर येथे.

त्यांच्याविषयी लिहिले जाते ते बहुतेक चमत्कारांविषयी. पोथीच्या दृष्टीने ते स्वाभाविकच आहे. मात्र ज्या प्रदेशात एका गल्लीत चार भाषा बोलल्या जातात, तिथल्या माणसांना एका ओसरीवर बसवून एकत्र गायला लावणारा पदकर्ता ही त्यांची ओळख आधी सांगायला हवी. त्यांचे हे काम इतिहासाला पुराव्यानिशी दाखवता येते, कारण ते गळ्यागळ्यांतून शिल्लक राहिले आहे.

प्रदेश आणि गाण्याची पूर्वपीठिका : ज्या कल्याणीच्या (आजच्या बसवकल्याणच्या) परिसरात माणिकप्रभूंचे बालपण गेले, ती कल्याणी चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, ही सुप्रसिद्ध नोंद याच ग्रंथातली. मराठी लोकगीताचा इतका जुना उल्लेख आज कर्नाटकात असलेल्या एका नगरीत लिहिला गेला, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे. सोमेश्वराचा मुलगा जगदेकमल्ल याच्या नावावर ‘संगीतचूडामणि’ हा संगीतग्रंथ आहे. त्याच शतकात, त्याच कल्याणीत बसवण्णांनी कन्नड वचने सांगितली.

पुढे बहामनी राज्य आले. गुलबर्ग्याला (आजच्या कलबुर्गीला) ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) यांचा दर्गा उभा राहिला, दखनी भाषा रुजली. पंधराव्या शतकात राजधानी बीदरला हलली. कलबुर्गी जिल्ह्यातच, भीमा-अमरजा संगमावर, गाणगापूर आहे. नृसिंहसरस्वतींच्या वास्तव्यामुळे ते दत्तभक्तांचे मोठे क्षेत्र झाले. ‘गुरुचरित्रा’च्या अखेरच्या भागात बीदरच्या मुसलमान बादशहाची व्याधी नृसिंहसरस्वती बरी करतात आणि बादशहा त्यांना पालखीत बसवून आपल्या नगरात नेतो, अशी कथा आहे. शहा मुंतोजी बहामनी ऊर्फ मृत्युंजय हे मराठी संतकवीही याच भूमीतले. माणिकप्रभूंचा सकलमत विचार एकाएकी उगवलेला नव्हता. दत्तभक्ती, वचने आणि सुफी गाणे यांची पाचशे-सातशे वर्षांची सोबत त्यामागे आहे.

बालपण आणि भ्रमंती : माणिकप्रभू लहान असतानाच वडील गेले. आई मुलांना घेऊन कल्याणीला भावाच्या आश्रयाला राहिली. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि कल्याणीला त्याच्या अमलाखालील नवाबाची जहागीर होती. मामा नवाबाच्या चाकरीत होते. भाच्याने शिकावे, कामाला लागावे ही त्यांची अपेक्षा. भाचा रानात, देवळांत आणि फकिरांच्या संगतीत रमणारा. मामा एकदा रागावले आणि मुलाने घर सोडले, असे संप्रदायाची परंपरा सांगते. मंठाळजवळच्या अमृतकुंडाच्या परिसरात त्यांनी एकांतात काळ घालवला, असेही चरित्रकार लिहितात. नंतरची काही वर्षे फिरण्यात गेली. आई आणि भाऊ पुढे त्यांच्याकडेच आले.

या फिरतीचा त्यांच्या गाण्याशी जवळचा संबंध असावा. कुण्या एका घराण्यात, एका उस्तादासमोर बसून मिळणारी तालीम त्यांच्या चरित्रात दिसत नाही. दिसतात ती गावे, मठ, दर्गे, जत्रा. एकाच माणसाच्या पदांत मराठी अभंगपरंपरेची शब्दकळा, दखनी बोलीचा लडिवाळ लहेजा आणि कन्नड भक्तिगीताची ठेवण कशी आली, याचे उत्तर मला या वाटांवर सापडते.

माणिकनगर : १८४५ च्या सुमारास ते हुमनाबादजवळ, विरजा आणि गुरुगंगा या ओढ्यावजा नद्यांच्या संगमावर स्थायिक झाले. माळरानावर झोपड्या पडल्या, मग वस्ती झाली, तिचे नाव माणिकनगर. तिथे दत्ताची गादी स्थापन झाली, अन्नछत्र सुरू झाले, आणि प्रभूंचा दरबार भरू लागला. शास्त्री, वैदिक, फकीर, जंगम, पहिलवान, गवई, वादक, भिकारी, संस्थानिकांचे कारभारी असे सगळे त्या दरबारात येत. भक्त त्यांना राजयोगी म्हणत. थाट राजाचा आणि वृत्ती फकिराची, असे त्यांचे वर्णन केले जाते. आलेले द्रव्य त्याच दिवशी वाटून टाकायचे, ही रीत. निजामाने देऊ केलेली जहागीर त्यांनी नाकारली, असे परंपरा सांगते. अक्कलकोटचे स्वामी समर्थ अक्कलकोटला स्थिरावण्यापूर्वी माणिकनगरात राहून गेले, ही आठवणही दोन्हीकडचे भक्त आदराने सांगतात. १८५७ च्या उठावाच्या काळातील घडामोडींशीही माणिकप्रभूंचे नाव जोडले जाते.

त्यांच्या मुसलमान भक्तांनी त्यांना मेहबूब सुबहानींचा, म्हणजे बगदादचे सुफी संत अब्दुल कादिर जिलानी यांचा, अवतार मानले. लिंगायत भक्तांना त्यांच्यात बसवण्णा दिसले. दत्तभक्तांसाठी ते दत्तावतार. एकाच माणसाकडे तिन्ही समाजांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यांनी कुणाचीही नजर दुरुस्त केली नाही. सर्व मतांना मान देणारा आणि वेदान्ताच्या अद्वैतावर उभा असलेला त्यांचा विचार सकलमत या नावाने ओळखला जातो. त्या विचाराचे पुस्तकी विवेचन पुढच्या पिढ्यांनी केले. प्रभूंनी स्वतः तो मुख्यतः पदांतून मांडला.

पदरचना : पदांचा सांगाडा मराठी कीर्तन-भजनाला ओळखीचा आहे. आधी पालुपद, मग दोन-चार कडवी, अखेरीस ‘माणिक’ ही नाममुद्रा. पालुपद छोटे, एकदा ऐकले की तोंडात बसणारे. पुढचा गवई कडवे म्हणतो, मागचे झीलकरी पालुपद उचलतात आणि प्रत्येक फेरीत लय चढत जाते. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही या रचनेत गायक होता येते. दत्त, देवी, कृष्ण, शिव, गुरुमहिमा आणि आत्मज्ञान हे विषय पुन्हा पुन्हा येतात. दत्ताबरोबर त्याची शक्ती मधुमती हिची उपासना हा या संप्रदायाचा विशेष असल्याने देवीपर पदांना वेगळे तेज आहे. गुरुस्तुतीची पदे आर्त आहेत. वेदान्तपर पदे मात्र कधीकधी परिभाषेने जड होतात. ती भजनापेक्षा अभ्यासाला बरी.

हिंदी-दखनी पदांचा गट मला सर्वांत मोलाचा वाटतो. मराठी संतांनी हिंदुस्तानीत पदे रचणे नवे नव्हते. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या नावावर अशा रचना आहेत. परंतु पंढरपूर-देहूकडच्या संतांना ती पाहुण्याची भाषा होती. बीदर-हुमनाबादच्या बाजारात ती रोजच्या व्यवहाराची भाषा होती, आणि अजून आहे. त्यामुळे माणिकप्रभूंच्या पदांत ती सहज बोलते. आशिक, दर्द, दीदार असले सुफी काव्याचे विश्व आणि अद्वैताचा विचार त्यांच्या रचनेत एका चालीवर नांदतात. कन्नड पदांमुळे हुमनाबादच्या आसपासचा लिंगायत शेतकरीही दरबाराच्या गाण्यात सामील झाला.

गायकीच्या अंगाने पाहिले तर माणिकनगरचे भजन खेड्यातल्या टाळकुटीच्या भजनाहून वेगळे आहे. दरबारात कलावंतांची वर्दळ असल्याने राग-तालांची जाण भजनात उतरली. पद विशिष्ट रागात आणि तालात म्हणण्याचा आग्रह धरला गेला. आज भजनात पेटी असते, पण हातपेटी आपल्याकडे रुळली ती प्रभूंच्या समाधीनंतर. त्या पहिल्या दरबाराचे गाणे ऐकायचे तर तंबोरा, सारंगी, पखवाज आणि टाळ यांवर कल्पना बांधावी लागते.

दरबारी सुरावट देवापुढे आणण्याचा असा प्रयत्न जगात इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेत शिकागोच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये टॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या दशकात ब्लूज गाण्यांचा ढंग ईशस्तुतीत आणला आणि महेलिया जॅक्सन (१९११–१९७२) यांच्या आवाजाने ते गॉस्पेल जगभर पोचले. मेळ्यातली, मैफलीतली चाल देवळात कशी, हा आक्षेप तिथेही निघाला होता. पुढे रे चार्ल्स, सॅम कुक, अरेथा फ्रँकलिन यांनी तीच चर्चमधली तालीम घेऊन सोल संगीत घडवले. भक्ती आणि रंजन यांच्यातली भिंत गाणारे लोक नेहमीच ओलांडत आले. माणिकनगरात ती ओलांडली गेली ती डॉर्सींच्या पाऊणशे वर्षे आधी, आणि तिथे एका धर्माच्या नव्हे, अनेक धर्मांच्या श्रोत्यांपुढे. हे श्रेय माणिकप्रभूंना मिळायला हवे.

समाधी आणि उत्तरपरंपरा : शके १७८७ च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी माणिकनगर येथे संजीवन समाधी घेतली. दत्तजयंतीचा उत्सव चालू होता. तो संपेपर्यंत ही वार्ता प्रकट करू नये अशी त्यांची आज्ञा होती, असे परंपरा सांगते. समाधीवर पुढे मंदिर झाले.

त्यांच्यामागे गादी पुतण्यांकडे गेली. मनोहर माणिकप्रभू आणि नंतर मार्तंड माणिकप्रभू हे नृसिंह तात्यासाहेबांचे पुत्र. मार्तंड माणिकप्रभूंनी संप्रदायाचे तत्त्वज्ञान ग्रंथरूपाने मांडले आणि स्वतः पदेही रचली. त्यांच्यानंतर शंकर माणिकप्रभू, बालवयात गादीवर आलेले सिद्धराज माणिकप्रभू आणि सध्याचे ज्ञानराज माणिकप्रभू अशी परंपरा आहे. गादीवरच्या व्यक्तीने गाणे जाणावे आणि शक्य तर पद रचावे, ही अपेक्षा या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. दत्तजयंतीच्या उत्सवात आजही संगीताचा दरबार भरतो, नामवंत गायक-वादक आपली सेवा रुजू करतात. संस्थानाने शाळा काढल्या, त्यांत अंध मुलांसाठीची शाळाही आहे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. माणिकनगर कर्नाटकात आणि त्याची कितीतरी भक्तकुटुंबे लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, हैदराबादकडे, अशी स्थिती झाली. उत्सवाला येणाऱ्यांची वाट या रेषेने अडली नाही. अभ्यासकांची मात्र अडली. कन्नड वाङ्मयेतिहासाला हे संत मराठी वाटतात, मराठी वाङ्मयेतिहासाला कर्नाटकातले. त्यांच्या दखनी पदांकडे उर्दूचे अभ्यासक वळत नाहीत. या पदांचा संप्रदायाबाहेर पुरेसा विचार झालेला नाही, याचे मुख्य कारण हेच.

संप्रदायाने पदसंग्रह जपले आहेत आणि त्याबद्दल त्याचे ऋणी राहायला हवे. पुढचे काम विद्यापीठांचे आहे. प्रत्येक पदाची भाषा, राग, ताल आणि प्रचलित चाल नोंदवलेली, बोलीतील शब्दांच्या अर्थासह चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली पाहिजे. बसवकल्याण, भालकी, आळंद, उदगीर भागांत जुन्या चाली जाणणाऱ्या वृद्ध भजनींचे गाणे ध्वनिमुद्रित करणे तर त्याहून निकडीचे आहे. छापील पद उद्याही मिळेल, चाल माणसाबरोबर जाते. गुलबर्गा, सोलापूर, नांदेड आणि हैदराबाद येथील विद्यापीठांनी हे काम मिळून हाती घ्यावे. माणिकनगर सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील हुमनाबादपासून अगदी जवळ आहे, आणि २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वेनेही हुमनाबादला जाता येते.