नांदेड-लातुरात घर घेताना : वस्ती कशी निवडावी?

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत आपल्या समाजाची तिसरी पिढी आता घर विकत घेण्याच्या टप्प्यावर आली आहे. पहिल्या पिढीतली अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात, आणि त्यानंतर १९७८ च्या नामांतर आंदोलनात गावोगाव झालेल्या हल्ल्यांमुळे शहरात आली. त्यांनी वस्ती निवडली नाही. जिथे कुणी उठवले नाही तिथे ती बसली. नदीकाठ, नाल्याची कड, रेल्वेपट्टी, गावठाणाबाहेरचे गायरान अशाच जागा त्यांच्या वाट्याला आल्या. दुसरी पिढी शिकली, शिक्षक झाली, एसटीत, वीज मंडळात, जिल्हा परिषदेत लागली आणि तिने त्याच जागेवर पत्र्याचे स्लॅब केले. तिसऱ्या पिढीपुढे पहिल्यांदाच खरी निवड आहे, पण ही निवड बहुतेक वेळा एजंट आणि मेहुणा मिळून करतात. वीस वर्षांचे कर्ज फेडायचे आपण, तर चार गोष्टी आपणच तपासलेल्या बऱ्या.

स्वस्त प्लॉट स्वस्त का असतो?

शहराच्या कडेला "एक गुंठा, रोख व्यवहार, बाँडवर खरेदी" अशा जाहिराती आपल्याच वस्त्यांमध्ये जास्त वाटल्या जातात. एवढा स्वस्त भाव असण्यामागे कारण असते. मराठवाड्यात शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकण्यावर तुकडेबंदी कायद्याने (१९४७) बंधने होती. त्यामुळे रजिस्ट्री होत नसे आणि विक्रेता स्टॅम्प पेपरवर नोटरी करून पैसे घेत असे. नोटरी केलेला बाँड म्हणजे मालकी नव्हे. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर झालेला व्यवहार ही विक्री ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. असा प्लॉट बँक गहाण घेत नाही. मग कर्ज पतपेढीचे किंवा खासगी फायनान्सचे, चढ्या व्याजाचे. म्हणजे प्लॉटमध्ये वाचलेले पैसे व्याजात जातात.

गुंठेवारी कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करून घेण्याची सोय झाली आणि २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदीही शहरी भागांसाठी शिथिल केली. याचा फायदा जुन्या घरमालकांनी जरूर घ्यावा. पण "पुढे सगळं रेग्युलर होणारच आहे" या भरवशावर आज नवा बाँड करणे शहाणपणाचे नाही. नदीच्या पूररेषेतली किंवा विकास आराखड्यात आरक्षण पडलेली जागा केवळ फी भरून नियमित होत नाही.

मराठवाड्याच्या जमिनीचा इतिहास निजामाच्या राजवटीतून येतो. म्हणून इथे चालू सातबारा पाहून थांबू नये. १९५४-५५ ची खासरा पाहणी आणि तेव्हापासूनचे फेरफार काढावेत. त्या जुन्या नोंदीत इनाम, खिदमतमाश, मदतमाश, देवस्थान किंवा वक्फ असा शब्द दिसला, किंवा आजच्या सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" लिहिलेले असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. वकील आपला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नको. त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. नगररचना विभागाने मंजूर केलेला लेआउट आणि अकृषिक आदेश यांची प्रत स्वतः कार्यालयातून मिळवावी. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या किंवा आठाहून अधिक प्लॉट-फ्लॅटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते आणि क्रमांक टाकून ती मोबाईलवरही तपासता येते. एवढे सगळे मागितल्यावर ज्या विक्रेत्याला राग येतो, त्याच्याकडून घेऊ नये.

गायरानाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तो आपल्या चळवळीचा विषय आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांमुळे गायरानाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तो हक्क कसणाऱ्याचा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींबाबत कडक भूमिका घेतली आणि त्यानंतर नवे अतिक्रमण टिकणे अवघड झाले. तेव्हा कुणी कार्यकर्ता म्हणवणारा गायरानावर प्लॉट पाडून आपल्याच लोकांना विकत असेल, तर त्याला सत्याग्रह म्हणू नये.

नांदेड : पाणी कुठपर्यंत येते?

नांदेड गोदावरीच्या दोन्ही काठांवर आहे. उत्तरेला जुने शहर, वजिराबाद, शिवाजीनगर, भाग्यनगर आणि पुढे तरोडा, मालेगाव रस्ता, पूर्णा रस्ता. दक्षिणेला कौठा, वसरणी, सिडको-हडकोचे नवे नांदेड आणि लातूर रस्त्याने विष्णुपुरी. तिथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकणारी मुले असलेल्या घराला दक्षिणेची बाजू सोयीची. पण कौठा, वसरणी या भागात घेताना आधी पूररेषेचा नकाशा पाहावा.

नांदेडचा पूर हा एकट्या विष्णुपुरीच्या दरवाजांचा खेळ नाही. वरून जायकवाडीचा विसर्ग येतो, येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी पूर्णा नदीतून येऊन मिळते आणि खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा असेल तर पाणी लवकर उतरत नाही. उत्तरेला आसना नदी आहे, तिचेही पाणी त्याच वेळी चढते. २००६ च्या पुरात हे दिसले, २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा दिसले. गंगाचाळ, खडकपुरा यांसारख्या सखल वस्त्यांतले लोक दर मोठ्या पावसात सामान बांधून शाळांमध्ये जातात. या वस्त्यांत गरीब बौद्ध, मुस्लीम, मातंग कुटुंबे शेजारी राहतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

नकाशावर निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नव्या बांधकामाला परवानगी नाही. निळ्या-लालच्या मध्ये अटींसह मिळते. एजंट सांगतो, "इथे कधी पाणी येत नाही". त्याच्याऐवजी किराणा दुकानदाराला विचारावे. भिंतीवरची खूण तोच दाखवतो.

सिडकोच्या घरांची गोष्ट वेगळी. ती भाडेपट्ट्याची आहेत, म्हणून घेण्याआधी सिडकोच्या दप्तरी सध्याचा धारक कोण आहे आणि हस्तांतरण झाले आहे का, ते बघावे लागते. अनेक घरे दोन-तीन हात बदललेली असतात आणि कागद पहिल्याच माणसाच्या नावावर असतो. पण या वसाहतींचा एक गुण आम्हाला महत्त्वाचा वाटतो. घरे सोडतीने आणि राखीव कोट्यातून मिळाल्यामुळे तिथे शेजार मिसळलेला झाला. सोडतीची चिठ्ठी काढणारा आडनाव विचारत नाही.

लातूर : नळ किती दिवसांनी?

लातुरात पहिला प्रश्न पाण्याचाच. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, हे साऱ्या देशाने पाहिले. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. शहराची भिस्त मांजरा धरणावर आहे आणि ते दरवर्षी भरत नाही. अंबाजोगाई रस्ता, औसा रस्ता, बार्शी रस्ता, नांदेड रस्ता अशा चारही दिशांना शहर वाढले आहे, त्यात रिंग रोडबाहेरच्या अनेक लेआउटमध्ये घरे आधी आणि जलवाहिनी नंतर असा क्रम आहे. म्हणून तिथे राहणाऱ्या बाईला विचारावे : नळ किती दिवसांनी येतो, बोअर मे महिन्यात चालतो का, टँकर किती दिवस मागवता? ही उत्तरे पुरुषांकडून नीट मिळत नाहीत, कारण पाणी भरायला ते नसतात.

दुसरा प्रश्न भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. लातुरात आरसीसी कॉलम-बीम नसलेले तयार रो-हाउस घेऊ नये, आणि काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत गेला आहे का, हे अभियंत्याकडून बघून घ्यावे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींना तडे तिथूनच येतात.

भूकंपानंतरचे पुनर्वसन आठवण्यासारखे आहे. पूर्णपणे हलवलेल्या ५२ गावांत घराचे माप जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्यावर ७५०. जात कुठे लिहिलेली नव्हती. पण भूमिहीन कोण होते ते सर्वांना ठाऊक आहे. कागदावर निव्वळ आर्थिक दिसणारा नियम गावात जातीप्रमाणेच उतरतो.

आपली वस्ती की मिश्र वस्ती?

हा प्रश्न तरुण आम्हाला सर्वांत जास्त विचारतात. नांदेडच्या जयभीमनगर, आंबेडकरनगरसारख्या वस्तीत विहार आहे, जयंती आहे, रात्री दोन वाजता धावून येणारी माणसे आहेत. दुसरीकडे "चांगल्या कॉलनीत" मुलांचा अभ्यास होईल, अशी आशा आहे.

त्या चांगल्या कॉलनीत प्लॉट घेताना सहसा अडचण येत नाही, कारण प्लॉटवाल्याला पैसे हवे असतात. अडचण भाड्याच्या घरात आणि तयार घराच्या पुनर्विक्रीत येते. कांबळे, वाघमारे, सोनकांबळे ऐकले की घर "कालच गेलं" असते. गायकवाड, जाधव असेल तर पुढचा प्रश्न गावाचा आणि त्याच्या पुढचा कुलदैवताचा. आपला प्रश्न खूप जुना आहे. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही म्हणून बाबासाहेबांना नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले होते. पुढे परळच्या चाळीतून निघून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. १९४२ च्या नागपूर परिषदेत मात्र अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी मान्य झाली, तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुस्तकांना जागा हवी तेव्हा त्यांनी दादर निवडले, सवर्ण गावाच्या दहशतीतून माणूस सोडवायचा तेव्हा स्वतंत्र वसाहत मागितली. त्यांच्या नावाने एकच बाजू सांगणाऱ्याला दुसरी आठवण करून द्यावी.

कायद्याची स्थिती अशी की सहकारी गृहनिर्माण संस्था उपविधीने सभासदत्व एखाद्या समाजापुरते ठेवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात म्हटले. आमच्या मते तो निकाल दुखरा आहे. पण त्याच चौकटीत मागासवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थाही उभ्या राहतात आणि अशा संस्थांना सरकारी जमीन देण्याची पी. डब्ल्यू. आर. २१९ ही जुनी योजना आहे. तिचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत नाही, बिल्डरांना चांगला माहीत आहे.

आणखी एक सावधगिरी. शहराच्या कडेला जे "उपनगर" म्हणून विकले जाते, ते कालपर्यंत गाव होते, आणि गाव आपली उतरंड घेऊनच शहरात येते. नांदेडलगतच्या बोंढार हवेलीत जून २०२३ मध्ये एका बौद्ध तरुणाचा खून झाला आणि त्यामागे गावात भीमजयंती काढल्याचा राग असल्याची तक्रार नोंदली गेली. तेव्हा कडेच्या गावात प्लॉट घेण्याआधी त्या गावातल्या आपल्या लोकांकडे जाऊन बसावे. जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने जाते का, स्मशानभूमीला वाट आहे का, एवढे दोन प्रश्न पुरेत.

आम्ही सुचवतो तो मार्ग मधला आहे. एकट्याने अनोळखी कॉलनीत जाऊ नये आणि बाँडच्या प्लॉटसाठी जुन्या वस्तीच्या मागच्या नाल्यातही जाऊ नये. ओळखीच्या आठ-दहा कुटुंबांनी मिळून एकाच मंजूर लेआउटमध्ये जवळजवळचे प्लॉट घ्यावेत. भाव पाडून मिळतो, वकिलाचा खर्च वाटला जातो, शेजारही तयार होतो. विहारासाठी लेआउटच्या दहा टक्के मोकळ्या जागेवर बोर्ड लावू नये. ती जागा सर्व प्लॉटधारकांची असते आणि पहिला वाद तिथेच पेटतो. त्यापेक्षा एक प्लॉट नोंदणीकृत ट्रस्टच्या नावे वेगळा घ्यावा.

घर शक्यतो पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घ्यावे. एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावावरील निवासी खरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेत शहरी भागात अडीच लाखांचे अनुदान मिळते, पण त्यासाठीही जागा स्वतःच्या नावावर असल्याचा कागद लागतो. बाँडवाल्यांचे अर्ज तिथेच अडतात. आणि प्लॉट पाहायला जायचे तर ऑगस्टमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा, दोन्ही वेळा संध्याकाळी, एजंटला न सांगता जावे.