सांधा आणि वेष्टन

ज्या व्यासपीठावरून शिवकाल आणि संतवाङ्मय यांवर विद्वान मंडळी बोलतात, तेथे जळालेली मोटार घेऊन उभे राहणे हे जरा धारिष्ट्याचेच. परंतु आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे रिवाइंडिंगच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जे हातांनी जाणले त्याचाच इतिहास सांगणे आम्हांला शोभेल.

विजेच्या इतिहासात शोधकांची नावे येतात, तारेवर गुंडाळलेल्या कापडाचे नाव येत नाही. वस्तुतः सारा खेळ त्या कापडाचा आहे. इंग्लंडात विल्यम स्टर्जनने १८२५ च्या सुमारास विद्युच्चुंबक केला, तेव्हा त्याने लोखंडाला वॉर्निश फासले आणि उघडी तार अंतर राखून गुंडाळली. वेढ्याला वेढा टेकला की वीज आडवाटेने निघून जाणार! म्हणून वेढे थोडे, आणि जोरही थोडा. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने लोखंड सोडून तारच रेशमाने मढवली. आता थरावर थर बसू लागले, आणि १८३१ साली येल येथे दिलेल्या त्याच्या चुंबकाने दोन हजार पौंडांहून अधिक वजन उचलले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला फॅराडेने लोखंडी कड्यावर जी वेटोळी चढवली, त्यांच्यामध्ये त्याने दोरा आणि कॅलिको कापड घातले होते. मौज अशी की कॅलिको हे नाव पडले आपल्या कालिकतवरून.

पुढे १८८९ मध्ये जर्मनीत दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तीन फेजची मोटार चालवून दाखवली. आज पिठाच्या गिरणीपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत जी मोटार दिसते, ती तिचीच नात. तीन वेटोळी, त्यांची सहा टोके. तिन्हींची शेवटची टोके एकत्र बांधली तर स्टार. एकाचे शेवट दुसऱ्याच्या आरंभास जोडत गेलो तर डेल्टा. एका फेजची टोके उलटी जोडली गेली तर मोटार गुरगुरते, भरमसाट करंट ओढते आणि वेळीच बंद केली नाही तर धूर काढते. नव्या पोराला पहिला ओरडा बसतो तो बहुधा यापायी.

या मोटारींच्या पोटात हिंदुस्थान किती होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वेष्टनाचे वॉर्निश लाखेपासून होई, आणि लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याचा राळेसारखा स्राव. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था निघाली. मोठ्या यंत्रांच्या खाचांत अभ्रक घालीत. ते कोडर्मा-हजारीबागच्या खाणींतून येई आणि त्याचे पापुद्रे सोलण्याचे काम बायका व मुले करीत. त्या बोटांवाचून युरोपातली यंत्रे फिरली नसती. पण त्या बोटांचा उल्लेख आम्हांला यंत्रविद्येच्या एकाही पुस्तकात सापडला नाही.

मुंबईला १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज आली आणि गिरण्यांत वाफेच्या इंजिनाची जागा मोटारींनी घेण्यास आरंभ झाला. मोटार आली म्हणजे ती जळणारही आली, आणि जळणार म्हणजे वायंडर आला. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिणारे साच्यावरच्या कामगारावर थांबतात. वायंडर मागल्या खोलीत, वॉर्निशच्या वासात राहिला.

सुताचे वेष्टन वॉर्निशमध्ये भिजवले तरी १०५ अंशांपर्यंतच धीर धरते. म्हणून १९३० नंतर कृत्रिम इनॅमल आणि काचेच्या धाग्याचे कापड आले, आणि ही मर्यादा १५५, १८० अंशांपर्यंत चढली. वेष्टन पातळ झाले, खाचेत तांबे अधिक मावले, तीच ताकद लहान मोटारीत बसली. परंतु काम करणाऱ्याची एक अडचण वाढली. सूत डोळ्यांना दिसते. इनॅमल तांब्यासारखेच दिसते. ते नीट खरवडले नाही तर झाळलेला सांधा वरून चकचकीत आणि आतून खोटा राहतो.

सांध्याची रीत आमच्या उस्तादांनी शिकवली ती अशी. झाळण्यापूर्वीच स्लीव्ह एका टोकावर ओवून मागे सारावी. मागाहून आठवण झाली तर सांधा पुन्हा सोडवावा लागतो. तारा खरवडून पिळाव्यात, राळ लावून झाळाव्यात. आम्लाचे फ्लक्स वापरू नये, ते पुढे तांबे खाते. कथलाचा डाग १८३ अंशांच्या पुढे मऊ पडतो, म्हणून तापणाऱ्या मोटारीला चांदीमिश्रित सळईचा डाग द्यावा. (जुन्या सळयांत कॅडमियम असे, आणि त्याचा धूर विषारी; हे आम्हांला फार उशिरा कळले.) मग स्लीव्ह सांध्यावर ओढून दोन्हीकडे पुरेशी जाऊ द्यावी, टेप अर्ध्या पदराने गुंडाळावी, आणि टोके वेटोळ्यांना दोऱ्याने आवळून बांधावीत. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्या हिसक्याने सैल तार दर खेपेस हलते. शेवटी वॉर्निश आणि भट्टी.

या भट्टीपाशीच आमच्या आयुष्यातला पहिला तंटा घडला. १९९१ ची गोष्ट. एका उपनगरी दुकानात काचेची स्लीव्ह संपली होती. मालकाने बाजारातून साधी प्लॅस्टिकची नळी आणून दिली आणि म्हणाला, 'आतली नळी कोण पाहायला जातंय?' वायंडरने एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले नाही. घरी आजारी आई होती. एकोणीस दिवसांनी पंपाची मोटार जळून परत आली, आणि त्याचा तीन आठवड्यांचा पगार कापला गेला.

आम्ही तेव्हा युनियनचे साधे सभासद होतो. मोटार भंगारात जाण्याआधी आम्ही ती मागून घेतली आणि टोके कापली. नळी भट्टीच्या उष्णतेने वितळून सांध्यावरून सरकली होती; दोन सांधे एकमेकांना चिकटून काळे पडले होते. बाकी वेटोळी शाबूत होती. नळीच्या खरेदीचे बिल दुकानाच्याच फायलीत निघाले, त्यावर मालकाची सही. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्यावर मालकाने बराच वेळ पंख्याकडे पाहिले, आणि पगार दिला. काचेची स्लीव्ह मात्र त्याने पुढच्या महिन्यातच आणली, तीही एकच बंडल.