मौद्याचे पाणी आणि जोखमीचा हिशेब

ज्या मुलखात वर्षाकाठी सरासरी चाळीस इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि कन्हानसारखी नदी गावाजवळून वैनगंगेकडे वाहत जाते, त्या मुलखास दुष्काळाचे भय नाही, अशी एकोणिसाव्या शतकातील मध्यप्रांताच्या मुलकी अंमलदारांची दृढ समजूत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांनी ती पार धुळीस मिळविली. १८९६ साली तर पाऊस आला आणि अकाली आवरला. वर्षाची बेरीज काहीही होवो, धान निसवण्याच्या ऐन वेळी हस्त नक्षत्राचे पाणी चुकले की बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, वाळली, ही नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या कुणब्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट सरासरीच्या आकड्यात कोठेच दिसत नव्हती.

पूर्वेकडील भंडारा-चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) बाजूस कोहळी समाजाने बांधलेले तलाव हे या चुकणाऱ्या पाण्यावरचेच उत्तर होते. त्यांतील पाण्यावर कोणाचा किती हक्क, निस्तार, म्हणजे गावाचा सामाईक वापर, कसा चालावा, याची नोंद जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावाच्या रिवाजांच्या नोंदवहीत, होई, आणि त्या रुक्ष दस्तऐवजांस मी जोखमीच्या विचाराचे पहिले लेख मानतो.

सरकारला हा विचार पटला तो १९०१ साली नेमलेल्या स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या पाटबंधारे आयोगामुळे. तलावाने सारा किती वाढेल एवढेच न पाहता, दुष्काळ किती वर्षांनी येतो, त्या वेळी मदतकार्यावर खजिन्यातून किती द्रव्य खर्ची पडते, आणि बांध घातल्यास त्यातले किती वाचेल, असा हिशेब ‘संरक्षक’ कामांसाठी मांडला जाऊ लागला. रामटेकजवळची खिंडसी आणि चांद्याकडील आसोलामेंढा हे तलाव त्याच कालखंडातले आहेत.

पुढे ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराची गावावरील मालकी, संपुष्टात आली. तो निर्णय न्याय्यच होता. परंतु मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, तेव्हा गाळ उपसण्याची आणि पाळ राखण्याची गावाची जबाबदारीही सैल पडली, आणि तिची जागा कोणत्याही खात्याने मनापासून घेतली नाही, याचे मला दुःख वाटते.

आज मौद्याची जोखीम आकाशाइतकीच वरच्या अंगाच्या धरणांवर अवलंबून आहे. पेंचच्या कालव्यांवर तालुक्यातील धान उभे असते; त्याच पाण्यावर नागपूर शहर जगते; आणि शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील चौराई धरण झाल्यापासून पेंचवरील तोतलाडोह धरणात येणारा ओघ घटला आहे. २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड पाणी सोडावे लागले, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर याच खोऱ्यात पेंच-कन्हानला महापूर आला. मौद्याचे २३२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र मात्र खालच्या अंगाच्या, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर चालते. शेतकरी, शहर आणि वीजकेंद्र यांची गरज नक्षत्रवार मांडून, कोणत्या पंधरवड्यात कोणाचे पाणी कापले जाईल हे आधीच ठरवणारे नवे वाजिब-उल-अर्ज या खोऱ्याला हवे आहे, आणि ते मौद्याच्या कालव्याच्या शेवटच्या बांधीपासून लिहिण्यास प्रारंभ व्हावा.