एडमंड बर्क : परक्यांचा कैवारी

पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणारी जुनी वाट आपल्या रसायनीपासून फार दूर नाही. १७७८ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे चार हजारांची फौज याच वाटेने पुण्याकडे निघाली. रघुनाथरावांना पुण्याची सत्ता मिळवून देणे हा तिचा हेतू. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी तिला वडगावला शरण आणले. तरीही रघुनाथरावांनी आशा सोडली नाही. १७८१ साली त्यांचे वकील लंडनला पोहोचले : हनुमंतराव हे ब्राह्मण आणि मणियार रतनजी व त्यांचे चिरंजीव हे पारशी.

त्या परमुलखात सोवळे सांभाळून अन्न शिजवणेही हनुमंतरावांना दुर्घट झाले. तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी या पाहुण्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतील रोपांचे काचघर त्यांच्या स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. रघुनाथरावांचा दावा न्याय्य होता म्हणून हे आतिथ्य घडले नाही. दारी आलेल्या परक्याचा धर्म राखणे बर्क यांना कर्तव्य वाटले.

ही वृत्ती कोठून आली? बर्क यांचा जन्म १७२९ साली डब्लिन येथे झाला. वडील प्रॉटेस्टंट, आई मेरी नेगल कॅथलिक. पत्नी जेन हीही कॅथलिक पित्याची कन्या. ते स्वतः अँग्लिकन राहिले. परंतु आईच्या धर्मबांधवांना पार्लमेंटचे दार बंद आहे, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१७७८ च्या कायद्याने कॅथलिकांवरील काही जाचक बंधने उठली. बर्क यांनी त्याला पाठिंबा दिला. जून १७८० मध्ये त्या कायद्याविरुद्ध लंडनमध्ये भयानक दंगल उसळली. कॅथलिकांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, शेकडो माणसे मेली. बर्क यांच्या घरावर सैनिकांचा पहारा बसवावा लागला. त्याच वर्षी ब्रिस्टलचे मतदार रुष्ट झाले. कॅथलिकांना दिलेली साथ व आयर्लंडच्या व्यापाराची कड घेणे, हे त्यांचे अपराध! बर्क यांनी आपली भूमिका सोडली नाही. निवडणुकीतून मात्र माघार घेतली. व्यंगचित्रकार तर त्यांना येशूसंघीय धर्मगुरूच्या झग्यात रंगवीत.

पुढे १७८८ मध्ये त्यांनी वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. काशीचा राजा चैतसिंग, अयोध्येच्या बेगमा यांच्यावरील अन्यायाचा पाढा त्यांनी लॉर्डांपुढे वाचला. देश बदलला म्हणून नीती बदलत नाही, हे त्यांचे सूत्र. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्याच वर्षी आयर्लंडात मेनूथ येथे कॅथलिक धर्मगुरूंसाठी सेमिनरी स्थापन झाली. तिलाही बर्क यांचे पाठबळ होते. १७९७ मध्ये ते निवर्तले.

भारतातील ब्रिटिश सत्ता संपावी, असे त्यांनी म्हटले नाही, आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे ते कडवे विरोधक होते. ते सर्वार्थाने आपले नव्हेत. पण आपल्या धर्मबांधवांसाठी त्यांनी स्वतःची जागा गमावली. आपण अल्पसंख्य म्हणून न्याय मागतो, तो योग्यच. बर्क यांचे चरित्र मात्र आपल्याला दुसराच प्रश्न विचारते : जो आपल्यापैकी नाही, त्याच्या न्यायासाठी आपण काय गमावायला तयार आहोत?